शिकवणारीला जागा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्ही दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. मला बोलायची सवय आहे ती वर्गातली. तेथे समोर बसलेल्यांना उठून जाण्याची सोय नसते. येथे ती आहे. पण बाईंनी विषयाचे बंधन ठेवले नाही. "तुमच्या आवडीचे बोला," म्हणाल्या. मग मला मोह आवरेना. माझ्या आवडीचा विषय एकच, आणि तो म्हणजे कबड्डी. साठी उलटलेल्या आणि जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या बाईने कबड्डीवर बोलावे, याचे तुम्हाला हसू येत असेल. अवश्य हसा. शेवटी मी मंडळाजवळ एक मागणे मागणार आहे, तेव्हा आधी थोडे हसून घेतलेले बरे.

पण खेळणाऱ्यांविषयी मी फारसे बोलणार नाही. त्यांचे फोटो छापून येतात, त्यांना हार पडतात. मला बोलायचे आहे ते त्यांना शिकवणाऱ्या बाईविषयी. अशा दोघींची हकीकत मी सांगणार आहे. एक आपल्या शेजारच्या नाशिकची, आणि दुसरी सातासमुद्रापलीकडची, अमेरिकेतली.

24 ऑगस्ट 2018 चा दिवस काहींना आठवत असेल. इंडोनेशियात जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या. 1990 साली बीजिंगला या स्पर्धांत कबड्डी आली, तेव्हापासून पुरुषांचे सुवर्णपदक सातही वेळा आपण आणले होते. स्त्रियांची कबड्डी 2010 साली आली. तेव्हाचे आणि 2014 चे, अशी दोन्ही सुवर्णपदके आपल्या मुलींनी जिंकली होती. 2014 च्या अंतिम सामन्यात समोर इराणच्याच मुली होत्या, आणि आपण त्यांना 31 विरुद्ध 21 असे हरवले होते. म्हणजे कबड्डीचे सोने हे जणू आपल्या माजघरातले सोने, ते बाहेर जाणार कोठे, अशीच सगळ्यांची समजूत होती.

त्या समजुतीला पहिला धक्का 23 तारखेला बसला. आपले पुरुष उपांत्य सामन्यात इराणकडून हरले. दुसऱ्या दिवशी मुलींचा अंतिम सामना, तोही इराणशीच. मी दुपारची कामे उरकून दूरदर्शनसंचासमोर बसले. आपल्या संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे या दोघी होत्या, त्यामुळे घरातलीच कोणी खेळते आहे असे वाटत होते. मध्यंतराला आपण 13 विरुद्ध 11 असे पुढे होतो. पुढे मात्र चित्र पालटले. इराणच्या मुली घाई करीनात. आपली चढाईपटू आत शिरली की त्या मागे सरत, तिला आत येऊ देत, आणि नेमक्या क्षणी कोपऱ्यातून पकड घालीत. सामना संपला तेव्हा फलक होता 27 विरुद्ध 24, आणि तो इराणच्या बाजूने. आमच्या घरात ह्यांनी न बोलता संच बंद केला.

खरा धक्का पुढेच होता. वर्तमानपत्र उघडले तर त्यात इराणच्या मुलींच्या प्रशिक्षिकेविषयी लिहिलेले. नाव शैलजा जैन, राहणार नाशिक. आपल्या दारावरून जो पुणे-नाशिक रस्ता जातो, त्याच्या त्या टोकाची ही बाई! मंचर, नारायणगाव, आळेफाटा करीत आपल्या एस. टी. रोज जेथे पोहोचतात, त्या गावच्या बाईने आपल्या मुलींच्या गळ्यातले सोने दुसऱ्यांच्या मुलींच्या गळ्यात घातले होते.

त्या आठवड्यात जेथे जावे तेथे हेच बोलणे. आपल्या मंडळातही झाले. एक भगिनी म्हणाल्या, "ही कसली आपली! ही तर फितूर झाली." त्या माझ्या चांगल्या मैत्रीण आहेत आणि आज येथे बसल्या आहेत, म्हणून नाव घेत नाही. मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. उत्तर सुचायला वेळ लागला. आज देते.

शैलजाबाईंचे आयुष्य मुलींना कबड्डी शिकवण्यात गेले. कोणी म्हणेल, त्यात काय मोठेसे. मातीत दोन रेषा मारल्या की झाले. ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असे मुलींचे मैदान आखून त्यात सातजणींना उभे करून पाहावे. चढाई करणारी एकटी आत शिरते. तिच्या तोंडी एकसारखे "कबड्डी, कबड्डी" चालू पाहिजे, दम सुटता कामा नये, निदान रेषा ओलांडली पाहिजे, आणि कोणाला तरी शिवून मध्यरेषेपलीकडे जिवंत परतले पाहिजे. तिला धरणाऱ्या सातजणी एकमेकींचे हात धरून उभ्या. त्यांतली एक जरी अर्धा क्षण आधी धावली, तरी साखळी तुटते. ताकद हवीच, पण ताकदीपेक्षा थांबणे अवघड. हे थांबणे शिकवायला वर्षे लागतात.

अशी वर्षे ज्यांनी घातली, त्या शैलजाबाईंना भारताच्या मुलींच्या संघाला शिकवण्याची इच्छा होती. ती जागा त्यांना मिळाली नाही. का मिळाली नाही याच्या खोलात मी शिरत नाही. इराणकडून बोलावणे आले तेव्हा त्यांनी प्रथम नकार दिला. कारण ऐकाल तर तुम्हाला घरचेच वाटेल. त्या शुद्ध शाकाहारी. तेथे जाऊन खायचे काय? शेवटी गेल्या. तेथली फारसी भाषा कामापुरती शिकल्या. मुलींशी दुभाषाच्या तोंडून बोलणे त्यांना पटेना. शिकवणारी आणि शिकणारी यांच्यामध्ये तिसरे माणूस उभे राहिले की रागही पोहोचत नाही आणि मायाही पोहोचत नाही, हे मास्तरकी केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

रोजच्या सरावात त्यांनी योगासने आणि प्राणायाम घातला. विचार करा, हा खेळच दमाचा. त्या मुलींना नवल वाटले असेल, पण आपल्या आजीने अंगणात बसून केलेली ती गोष्ट तेथे उपयोगी पडली. दीड-एक वर्षाच्या त्या मेहनतीनंतर डोक्याला रुमाल घट्ट बांधलेल्या त्या मुली जाकार्ताला उतरल्या, आणि पुढचे मी सांगितलेच आहे. सामन्यानंतर शैलजाबाई म्हणाल्या त्याचा भावार्थ असा, की भारत हरल्याचे वाईट वाटते, पण आज मी इराणची शिक्षिका आहे, आणि आपण उत्तम शिकवतो हे मला सिद्ध करायचे होते.

आता माझ्या मैत्रिणीला उत्तर. तीस वर्षे मी शाळेत शिकवले. दरवर्षी कोणाच्या तरी बापाची बदली व्हायची, ऊसतोडीला आलेल्यांची मुले यायची, धरणाखाली जमीन गेलेल्या घरची यायची. ती आपल्या गावची नाहीत म्हणून मी त्यांना गणित थोडे कमी शिकवले असते, तर तुम्ही मला काय म्हटले असते? जी समोर येऊन बसली ती माझी विद्यार्थिनी. तिला हातचे राखून शिकवणे हीच खरी फितुरी. शैलजाबाईंनी हातचे राखले नाही. दुखायचेच असेल तर आपल्याला दुसरी गोष्ट दुखली पाहिजे. एवढे शिकवण्याची विद्या आपल्या शेजारी नाशिकला होती, आणि ती वापरायला तेहरानहून बोलावणे यावे लागले.

आता दुसरीची हकीकत.

अमेरिकेत बास्केटबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या शाळांतूनही आता कोठे कोठे उंच खांबाला लोखंडी कडे लावलेले दिसते. 1891 साली जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो थंडीच्या दिवसांत मुलांना घरात खेळायला म्हणून काढला, आणि पहिल्यांदा कड्याच्या जागी फळे भरायच्या टोपल्या टांगल्या होत्या. या खेळात मुलींना शिकवून ज्या बाईने मोठे नाव कमावले, तिचे नाव पॅट समिट.

ही शेतकऱ्याची मुलगी. जन्म 14 जून 1952, टेनेसी नावाच्या राज्यात. घरी गुरे, तंबाखूचे शेत, तीन थोरले भाऊ आणि पाठची एक बहीण. दिवसभर भावांच्या बरोबरीने शेतात राबायचे आणि रात्री गोठ्याच्या माळ्यावर, जेथे वैरण ठेवतात तेथे, भावांशी बास्केटबॉल खेळायचा. तिचा बाप शब्दाने कोरडा आणि शिस्तीचा कडक. पण त्याने एक गोष्ट केली. मुलीला ज्या शाळेत जावे लागणार होते तेथे मुलींचा संघ नव्हता. तेव्हा त्याने घर हलवले. मुलीला खेळता यावे म्हणून सारे कुटुंब शेजारच्या जिल्ह्याच्या हद्दीत राहायला नेले. मैत्रिणींनो, मुलीच्या लग्नासाठी जमीन विकणारे बाप आपण पुष्कळ पाहिले. खेळासाठी घर हलवणारा मी तरी पाहिलेला नाही.

ती पुढे शिकली, खेळली. गुडघ्याला भारी दुखापत झाली, तीतून उठली. 1976 साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा बास्केटबॉल प्रथमच खेळला गेला, तेव्हा अमेरिकेच्या रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात ती होती. पण त्याआधी, 1974 मध्ये, तिच्या आयुष्याला वळण लागले होते. टेनेसी विद्यापीठात ती मदतनीस म्हणून गेली, आणि तेथील मुख्य प्रशिक्षिका रजेवर गेल्यामुळे अवघ्या 22 व्या वर्षी सारा संघ तिच्या गळ्यात पडला. हाताखालच्या मुली तिच्याहून एखाददुसऱ्या वर्षाने लहान. पगार महिन्याला 250 डॉलर. गणवेश घ्यायला पैसे नव्हते, म्हणून डोनट नावाचे गोड तळलेले पदार्थ विकून ते उभे केले. ते गणवेश ती स्वतः धूत असे. परगावी सामना असला की गाडीही तीच चालवी. आणि पहिलाच सामना ती एका गुणाने हरली, 83 विरुद्ध 84.

येथे हकीकत संपली असती. आपल्याकडे अशा किती हकीकती येथेच संपतात! पण दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे 1972 साली अमेरिकेत एक कायदा झाला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-विद्यापीठांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. कायदा झाला म्हणून लगेच मैदान मिळाले असे नाही. पण मागायला तोंड मिळाले. दुसरी गोष्ट, त्या विद्यापीठाने तिला धरून ठेवले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद यायला 1987 साल उजाडले. म्हणजे तेरा वर्षे! तेरा वर्षे थांबणारी संस्था आणि तेरा वर्षे टिकणारी बाई, दोघींचे कौतुक सारखेच केले पाहिजे. नंतर मात्र एकामागून एक अशी एकूण आठ विजेतेपदे आली. 1984 साली तिने शिकवलेल्या अमेरिकेच्या संघाने ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. 1997-98 च्या हंगामात तिचा संघ 39 सामने खेळला आणि 39 ही जिंकला. 38 वर्षांत 1,098 सामने जिंकले, 208 हरले.

पण मला या आकड्यांहून तिचे दोन नियम अधिक आवडतात. एक, खेळाडू मुलीने वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे. मागच्या बाकावर बसून डुलक्या काढायच्या नाहीत. दुसरा, अभ्यास सोडायचा नाही. जितक्या मुली तिच्याकडे आपली सारी वर्षे खेळल्या, तितक्या सगळ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. म्हणजे तिला ठाऊक होते की पाय थकतील, गुडघे जातील, टाळ्या थांबतील. तेव्हा मुलीच्या हातात दुसरे काही असले पाहिजे. रागावून पाहण्याबद्दल ती प्रसिद्ध होती. तिच्या नुसत्या नजरेने मुली चळचळा कापत. आणि त्याच मुली पुढे तिला आईच्या जागी मानीत.

2011 च्या ऑगस्टात तिने एक गोष्ट स्वतः जाहीर केली. तिला स्मृती जाण्याचा आजार, अल्झायमर, झाला होता. वय अवघे 59. जिने हजारो डाव डोक्यात साठवले, तिच्याच डोक्यातून ते पुसले जाऊ लागले. तिने ते लपवले नाही. आणखी एक हंगाम ती संघाबरोबर बसली आणि 2012 साली तिने काम सोडले. तिच्या जागी आली हॉली वॉरलिक, तिच्याच हाताखाली खेळलेली आणि पुढे वर्षानुवर्षे तिची मदतनीस असलेली. 28 जून 2016 रोजी पॅट समिट गेली. मला यातले समाधान हे वाटते, की तिची आठवण गेली तरी विद्या गेली नाही; ती दुसऱ्या डोक्यात आधीच जाऊन बसली होती.

या दोघींना मी एका आसनावर का बसवले, ते आता सांगते. मेहनत दोघींची सारखी. एकीला 22 व्या वर्षी एक मोडकी का होईना, जागा मिळाली आणि ती 38 वर्षे तिची राहिली. दुसरीला आपल्या देशाच्या मुलींना शिकवायची जागा हवी होती, ती मिळाली नाही, आणि तिची विद्या परदेशी फळाला आली. विद्या माणसात असते. पण तिला उभे राहायला जागा लागते, आणि ती जागा बाकीच्यांनी द्यायची असते. म्हणजे तुम्ही आणि मी.

आता थोडे स्वतःचे. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही.

मी 1970 नंतरच्या वर्षांत शाळेत कबड्डी खेळले. आम्हाला शिकवायला चित्रकलेचे मास्तर होते. ते नियमांची छोटी पुस्तिका हातात धरून शिट्टी वाजवीत. लग्न झाले आणि खेळ सुटला. त्याचे दुःख नाही, तेव्हा सगळ्यांचेच सुटे. पुढे शिक्षिका झाले तेव्हा हौसेने मुलींचा संघ बांधला. एका वर्षी माझ्याकडे एक मुलगी आली, पश्चिमेकडच्या डोंगराळ वाडीतली. भातखाचरांच्या बांधावरून धावून तिचे पाय असे तयार झाले होते की तिला शिवणे म्हणजे वाऱ्याला शिवणे. तिच्या जोरावर आम्ही तालुक्याला जिंकलो. जिल्ह्याचे सामने पुण्याला होते. तिचा बाप म्हणाला, "बाई संगं असल्या तर धाडतो. न्हाईतर न्हाई."

आणि मी गेले नाही. त्याच आठवड्यात घरात सासूबाईंचे दुखणे होते, मुलाची परीक्षा होती. कारणे खरी होती. पण खरे सांगायचे तर ती निभावता आली असती. मी घरात तोंड उघडून विचारलेच नाही. खेळायला मुलींना घेऊन जायचे आहे असे म्हणायची मला लाज वाटली. संघ गेला नाही. दहावीनंतर त्या मुलीचे लग्न झाले.

पुष्कळ वर्षांनी ती मला मंचरच्या बाजारात भेटली. मी ओळखले नाही, तिने ओळखले. पाया पडली. मी मनातून घाबरले होते, आता ही ते काढणार. तिने काढले नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला पुढे केले आणि म्हणाली, "बाई, ही माझ्यापरीस जोरात पळती. हिला शिकवाल का?"

मैत्रिणींनो, ती रागावली असती तर बरे झाले असते.

म्हणून आज माझे मागणे. मंडळाच्या इमारतीमागे जे अंगण आहे, ते मी पावलांनी मोजून आले आहे. मुलींचे मैदान त्यात बसते, भोवती दोन पावले उरतात. तेवढी जागा आठवड्यातून चार दिवस गावच्या मुलींच्या कबड्डीला द्यावी. कबड्डीला चेंडू लागत नाही, जाळी लागत नाही. माती चाळून दगड वेचायचे, रेषा मारायच्या. ते आम्ही करू.

शिकवणार कोण? मी नाही. माझे दिवस गेले. पण आपल्याच मंडळात एक सून आहे, जी माहेरी असताना राज्याच्या संघातून खेळली आहे. तिची प्रमाणपत्रे लग्नाच्या ट्रंकेत तळाशी, शालूच्या खाली आहेत. मी पाहिली आहेत. नाव घेत नाही, कारण ती आत्ताच पदर तोंडाला लावून खाली पाहते आहे. तिच्या सासूबाईही येथेच आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते, संध्याकाळचा एक तास तिला द्या. भाकरी अर्धा तास उशिरा झाली तर घर मोडत नाही.

आणि तिला मानधन द्या. सेवा म्हणून फुकट कर, असे म्हणू नका. 250 डॉलर थोडे होते, पण ते पगार होते. फुकट कामाला घरात कोणी काम समजत नाही, आणि पहिली अडचण आली की आधी तेच बंद होते. हे मी अनुभवाने सांगते. यंदाच्या वर्धापनदिनाच्या जेवणातले एक पक्वान्न कमी केले असते, तर पहिल्या काही महिन्यांची सोय झाली असती. बासुंदी छान झाली होती, याबद्दल वाद नाही.

आता अडचणी. त्या मला दिसत नाहीत असे नाही. पहिली अडचण बिबट्याची. आपल्या जुन्नर-आंबेगावात ऊस घराच्या भिंतीला येऊन टेकला आहे, आणि उसात काय असते ते प्रत्येक आईला ठाऊक आहे. अंधार पडल्यावर मुलीला बाहेर धाडायला आईचा जीव होत नाही. माझाही झाला नसता. म्हणून सराव उजेडातच संपवायचा. थंडीत दिवस लवकर मावळतो, तेव्हा शाळा सुटताच मुलींनी थेट येथे यायचे. परत जाताना सगळ्यांनी मिळून जायचे, आणि दर दिवशी मंडळाच्या दोघी भगिनी बॅटरी आणि काठी घेऊन बरोबर. अंगणातला दिवा दुरुस्त करायचा. दुसरी अडचण मुलींच्या दर महिन्याच्या चार दिवसांची. त्यासाठी आपली मोरी स्वच्छ हवी, दाराला कडी हवी, आणि बोलायला एक मोठी बाई हवी. शिकवायला बाई का हवी, याचे अर्धे उत्तर येथेच आहे. तिसरी अडचण लोक काय म्हणतील ही. ती माझ्यावर सोडा. त्या एका आठवड्यात मी बोलले नाही. आता पुढे बोलायचे बाकी ठेवलेले नाही.

यातून कोणी जाकार्ताला जाईल असे मी सांगत नाही. कदाचित एकही जाणार नाही. पण मुलीला दम धरायला येईल, पडून उठायला येईल, सातजणींनी एकमेकींचा हात कधी धरायचा आणि कधी सोडायचा ते कळेल. आणि अभ्यासाचे म्हणाल, तर पॅट समिटचा पहिल्या तीन रांगांचा नियम मी स्वतः पाळायला लावीन. तेवढे माझ्या गुडघ्यांनाही जमेल.

ती बाजारात भेटलेली मुलीची आई दर गुरुवारी मला फोन करते. दुसरे काही विचारत नाही. "बाई, कवा धाडू?" एवढेच विचारते. अध्यक्षीणबाई, येत्या गुरुवारच्या आत कार्यकारिणीची सभा आहे. मी तिला काय सांगू, ते तेवढे आपण त्या सभेत ठरवावे.